खुलासा: खोल रांगांनी सुरुवातीला गोळीबार वाढत नाही

‘एम्पायर: टोटल वॉर’ या २००९ सालच्या संगणकीय युद्धखेळात बंदूकधारी पायदळ पहिल्यापासूनच खोल रांगांत उभे केल्यास माऱ्याचा जोर वाढतो, असे सांगितले जाते, ते चुकीचे आहे. १७०० साली मोहीम सुरू होते तेव्हा रांगांनी आळीपाळीने गोळीबार करण्याचे तंत्र अजून शोधायचे असते, त्यामुळे फक्त पुढची रांग बार काढते आणि मागचे सैनिक, बंदुका भरलेल्या असूनही, नुसते उभे राहतात. म्हणून तुकडी लांब व पातळ पसरवावी; मात्र घोडदळ येऊ शकेल अशी बगल उघडी ठेवू नये, कारण पातळ रांग धडकेने चटकन फुटते. बंदुकीच्या नळीत खुपसायची संगीन घाईने लावणे तर मला अधिकच घातक वाटते: ती लावलेल्या तुकडीला गोळी झाडताच येत नाही.