आमचे कामगार सात दिवस ‘गायब’ नव्हते : परसबागेच्या कुंपणाबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आपल्या परसबागेच्या कुंपणाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी तीन वेळा वाचला. चार-पाच दिवसांचे काम सांगून १८ दिवस लावले, खांब रोवून कामगार सात दिवस गायब झाले, शेजाऱ्यांना हेच काम स्वस्तात मिळाले, कोपऱ्यातला खांब कललेला आहे आणि जाळीखालून कुत्रे आत येते, असे आपण म्हटले आहे आणि पाचपैकी दोन तारे दिले आहेत. आपल्याला आणि काकूंना जो त्रास झाला त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. आपल्या फोनला ‘उद्या माणसे येतात’ असे उत्तर दोनदा मीच दिले होते आणि दोन्ही वेळा ती आली नाहीत. ती चूक माझी आहे, कामगारांची नाही.

मात्र ‘गायब’ हा शब्द मला फार लागला. पावसाळ्यानंतरच्या कामांची चौकशी करणारे दोन फोन या आठवड्यात आले, एक बुधगावहून आणि एक मिरजेहून, आणि दोघांनीही दराच्या आधी हेच विचारले की खांब रोवून तुमची माणसे निघून जातात का. आमच्या धंद्याचा खरा हंगाम पाऊस लागेपर्यंतचा असतो. पुढचे तीन-चार महिने काळ्या मातीत धड खड्डा खणता येत नाही आणि माझ्याकडच्या पाच माणसांना पुढच्या कामांच्या भरवशावरच सांभाळावे लागते. म्हणून त्या सात दिवसांत आपल्या बागेत काय चालले होते, हे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

एप्रिलअखेर आपण दुकानात आलात तेव्हा आपल्या मनात पाच फुटांची विटांची भिंत होती आणि काकूंना बांबूचे कुंपण हवे होते. बांबू दिसायला देखणा असतो, परंतु प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत रोवला तर ओल आणि वाळवी यांमुळे दोन-तीन पावसाळ्यांत बुडातून कुजतो. भिंतीबद्दल मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आपली जागा सांगलीवाडीच्या सखल भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी जिथे शिरले, तिथे बंद भिंतीच्या एका अंगाला पाणी तुंबले की सगळा दाब तिच्यावर येतो, जाळीतून मात्र ते आरपार जाते. दुसरे असे की, आपल्या वाफ्यांच्या दक्षिणेला भिंत घातली असती तर डिसेंबरमध्ये भर दुपारीसुद्धा तिची सावली चार फुटांहून जास्त आत आली असती, आणि मेथी-कोथिंबिरीचा पहिला वाफा पूर्ण सावलीत गेला असता. वरून काटेरी तार लावावी असेही आपण विचारले होते. पाच फुटांच्या कुंपणावर काटेरी तार मुलांच्या हाताच्या उंचीवर येते आणि आपली नातवंडे सुट्टीत तिथेच खेळतात, म्हणून जादा मालाची विक्री सोडून मी ‘नको’ म्हटले. शेवटी आपल्या संमतीने पाच फूट उंचीची, दोन इंची चौकटीची, १० गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप), जस्ताचा मुलामा दिलेली चेनलिंक जाळी, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून विणलेली जाळी, ठरली. तीन बाजू मिळून १२० फूट आणि दर आठ फुटांवर ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा) खांब, असे एकूण १६ खांब.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आम्ही खड्डे खणायला आलो तेव्हा लिंबाच्या झाडाजवळ मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा होत्या. आपणच त्या मला दाखवल्या होत्या. अशा जमिनीत फूटभर खड्ड्यात बसवलेला खांब फार दिवस सरळ राहत नाही. म्हणून प्रत्येक खड्डा अडीच फूट खोल घेतला, तळाशी सहा इंच मुरूम धुमसून बसवला आणि त्यावर दोन फूट काँक्रीट भरले. कोपऱ्यांच्या आणि टोकांच्या खांबांना तिरके टेकू दिले आणि टेकूंच्या बुडालाही काँक्रीट घातले. हे काम तीन दिवस चालले, आणि त्या तीन दिवसांबद्दल आपली काहीच तक्रार नाही, याबद्दल मी आभारी आहे.

त्यानंतरचे सात दिवस आपल्याला रिकामे वाटले. चेनलिंक जाळी खांबांना नुसती अडकवून चालत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ताणून तिला त्यांवर बांधावे लागते. मधला खांब दोन्ही बाजूंनी सारखा ओढला जातो म्हणून स्थिर राहतो, परंतु कोपऱ्यातल्या खांबाला दोन दिशांनी आतल्या अंगाला ओढ बसते आणि ती सगळी त्याच्या बुडातल्या काँक्रीटला सोसावी लागते. काँक्रीट दुसऱ्या दिवशी हाताला दगडासारखे लागते, तरी आतून ते तयार झालेले नसते. सिमेंट वाळल्याने घट्ट होते असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि म्हणूनच त्याच्यावर पाणी मारायचे असते. २८ दिवसांत जी ताकद येते तिच्या साधारण दोन तृतीयांश पहिल्या सात दिवसांत येते, आणि मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात पाणी मारण्यात हयगय झाली तर तेवढीही येत नाही. दुसऱ्याच दिवशी जाळी ताणणारी माणसे मी पाहिली आहेत. ग्राहक खूश होतो, पैसे लगेच मिळतात आणि पहिल्या पावसात कोपरे आत झुकतात. माझ्या वडिलांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर जाळी विणून हा धंदा उभा केला, आणि सात दिवसांच्या आत तार ताणायची नाही हा त्यांचा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्या आठवड्यात आपल्या बागेत माणसे दिसली नाहीत, कारण दिसायला नको होती.

पुढची गोष्ट लिहावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. त्या सात दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खांबांच्या बुडाशी गुंडाळलेले गोणपाट ओले आहेत का, हे बघायला आमचा कारागीर आपल्याकडे आला होता. तेव्हा मागच्या कोपऱ्यातल्या खांबापासून आंब्यापर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दोन धुतलेल्या गोधड्या निथळत होत्या. सुती गोधडी पाणी पिऊन किती जड होते, हे ती धुणाऱ्यालाच ठाऊक. दोरी मध्यावर हातभर खाली आली होती आणि खांबाच्या बाहेरच्या अंगाला, अँगल आणि काँक्रीट यांच्यामध्ये, नख शिरेल एवढी फट पडली होती. त्याने मला फोटो पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. काकूंचा यात काही दोष नाही, कारण खांबाला काही बांधू नका हे आम्ही आपल्याला सांगितले होते, त्यांना कोणी सांगितले नव्हते. परंतु कललेला खांब तोच आहे, सर, आणि अभिप्रायात तो आमच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून आला आहे. खरे तर मी तो त्याच वेळी उपटून पुन्हा रोवायला हवा होता. तसे केले असते तर त्याचे सात दिवस पुन्हा मोजावे लागले असते, आणि आपण आधीच नाराज होता, म्हणून मी फट सिमेंटने भरून घेतली आणि पुढचे काम केले. माझे चुकले ते इथे.

१८ दिवसांचा हिशेब मी वहीवरून काढला आहे. खड्डे आणि खांब तीन दिवस, काँक्रीटचे सात दिवस, वळवाच्या पावसाने चिखल झाला त्याचे दोन दिवस, जाळी ताणून फाटक बसवण्याचे दोन दिवस, असे १४ दिवस होतात. उरलेले चार दिवस माझी माणसे तासगावकडच्या एका द्राक्षबागेच्या कामात अडकली होती. ते दिवस आपले होते आणि ते मी दुसऱ्याला दिले. ‘चार-पाच दिवसांचे काम आहे’ असे म्हणताना माझ्या मनात मजुरीचे दिवस होते आणि आपण ते तारखेचे दिवस धरलेत. हा फरक मी तेव्हाच उलगडून सांगायला हवा होता.

शेजाऱ्यांच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. रस्त्यावरून दिसले त्यावरून त्यांची जाळी १२ गेजची असावी आणि खांब दहा फुटांवर आहेत. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते : १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर आणि १२ गेजची २.६४ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक फारसा कळत नाही, परंतु जाड तारेत लोखंड जवळपास दीडपट जाते आणि जाळीचा भाव वजनावर ठरतो. फक्त हद्द आखायची असेल तर १२ गेजची जाळी पुरते, आणि तसे मी ग्राहकांना सांगतोही. आपल्याला मात्र जाळीवर दोडका आणि कारल्याचे वेल चढवायचे होते. भिजलेल्या वेलांचा भार आणि त्यांना लागणारा वारा, दोन्ही जाळीलाच पेलावे लागतात. कोटेशनपेक्षा एक रुपयाही मी जास्त घेतलेला नाही. आपल्या जाळीचा तुकडा घेऊन कधीही दुकानात यावे. तार मोजायची गेजपट्टी इथेच असते, आपण स्वतः मोजून पाहावे.

कुत्र्याबद्दल सांगायचे तर जाळीच्या बुडाशी काँक्रीटची सहा इंची पट्टी मी सुचवली होती आणि खर्च वाढतो म्हणून आपण ती नाकारलीत. तो आपला अधिकार होता. परंतु मोरीचे पाणी जिथून बाहेर जाते तिथे जाळीखाली वीतभर फट राहिली आहे, आणि ती आमच्याच नजरेतून सुटली. पाणी वाहील आणि कुत्रे शिरणार नाही अशी गजांची छोटी चौकट आम्ही तिथे बसवून देऊ.

कोपऱ्यातला खांबही आमच्या खर्चाने नव्याने रोवून देऊ. सध्या जमीन ओली आहे, म्हणून पावसाने चार दिवस उघडीप देऊन वापसा आला की खणायला घेऊ आणि तेवढ्या भागातली जाळी तोवर सैल करून ठेवू. यापुढे कामाच्या दिवसांचा तपशील ग्राहकाला लेखी द्यावा असा आमचा विचार आहे, आणि फोनबाबतही काहीतरी व्यवस्था नक्की करू. काकूंच्या दोरीसाठी आंब्यापासून घराच्या भिंतीपर्यंत मजबूत आकडे आम्हीच लावून देतो, म्हणजे खांबाचे सात दिवस पुन्हा मोजताना त्यांची अडचण होणार नाही. आपल्याला सोयीची सकाळची वेळ कळवावी. या वेळी माणसांबरोबर मी स्वतः येईन.

आपला नम्र,
दुकानमालक, माधवनगर रस्ता, सांगली