तिकीट आधी, हिशोब नंतर

2 एप्रिल 2025 ला इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या सेमीफायनलचा पहिला सामना एफसी गोवा बंगळुरूत 0-2 हरली, तेव्हा मी इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात कामावर होते. चहाच्या सुट्टीत फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज. चुलतभावाने एका शब्दात विषय मिटवला होता: "संपलं." मामांचं म्हणणं, रविवारी आपल्या घरी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, पहिल्या अर्ध्या तासात गोल पडला तर आशा, नाहीतर काही खरं नाही. एकाचा सगळा राग कोचवर. मानोलो मार्केझ त्या मोसमात गोव्याबरोबर भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते, आणि दोन दगडांवर पाय ठेवला की असंच व्हायचं, असं त्याचं मत. कुणी लिहिलं, लीगमध्ये आपण 48 गुणांनी दुसरे आलो, ते 38 वर राहिले, मग घाबरायचं कशाला? त्याला लगेच उत्तर आलं की याच बंगळुरूने चार दिवसांपूर्वी मुंबईला 5-0 ने धुतलं.

या सगळ्याच्या तळाशी धाकट्या भावाचा मेसेज होता: "ताई, तिकिटाचं शनिवारी ठरवू. कोण काय म्हणतंय ते बघतो आधी."

मी त्या ओळीवर अडले. सुट्टी संपली, पुन्हा खोकी उचलायला लागले, तरी ती ओळ डोक्यातून जाईना. आमच्याकडे आधी हिशोब मांडतात, जिंकायची शक्यता किती ते पाहतात, आणि मग जायचं की नाही ते ठरवतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. दुसरा लेग, म्हणजे दोन सामन्यांच्या लढतीतला परतीचा सामना, आपल्या मैदानावर असेल, तर त्या हिशोबात स्टेडियम किती भरणार हाही एक आकडा असतो, आणि तो आपण अजून लिहिलेलाच नसतो. तो रिकामा ठेवून उत्तर काढायला बसतो आणि उत्तर वाईट आलं म्हणून घरी राहतो.

हे मी इथे शिकले. माझे वडील 1961 च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला आणि त्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदावर मी 2016 मध्ये डिचोलीहून इथे आले. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की रस्त्यावर कोकणी कानावर पडली तर कुणी वळूनही बघत नाही. गावचा क्लब स्विंडन टाऊन. त्याचं काउंटी ग्राऊंड पाच छोट्या गोल चौकांच्या त्या प्रसिद्ध मॅजिक राउंडअबाउटला अगदी लागून आहे, आणि मॅचच्या दिवशी तिथून लाल शर्टांची रांग चालत जाताना दिसते.

2022 च्या मे महिन्यात हा संघ चौथ्या पायरीवरच्या लीगमधून वर जायच्या प्लेऑफमध्ये होता. तिथे पहिले तीन संघ थेट वर जातात आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे चार संघ उरलेल्या एका जागेसाठी झुंजतात. समोर पोर्ट व्हेल. पहिला लेग रविवारी, 15 मेला घरी. हॅरी मॅकर्डीने दोन गोल केले आणि 2-1 ने जिंकलो. दुसरा गुरुवारी रात्री त्यांच्या मैदानावर, बर्स्लेमला, इथून दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर.

सोमवारी आमच्या कँटीनमध्ये जी चर्चा झाली ती आमच्या घरच्या ग्रुपपेक्षा काडीचीही वेगळी नव्हती. एका गोलची आघाडी पुरेल का? घरी गोल खाल्ला तो महागात पडेल का? बचाव करत बसावं की पहिल्या मिनिटापासून चढाई करावी? पेनल्टीपर्यंत गेलं तर आपला गोलकीपर कसा? कँटीनच्या दाराशी शिफ्ट बदलायचा एक तक्ता लावलेला असतो, पेनाने नावं लिहायची. वाद घालता घालता मी त्यावर नजर टाकली. गुरुवारच्या दुपारपाळीच्या रकान्यात सहा नावं खोडून सहा दुसरी लिहिलेली होती. वाद घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव खोडलेल्यांत होतं, आणि हे बदल पहिल्या लेगच्या आधीच्या आठवड्यात झाले होते. निकाल काय लागेल, आघाडी असेल की पिछाडी, हे ठाऊक नसताना. सातवं नाव माझं खोडलं गेलं, कारण बसमध्ये एक जागा उरली होती.

बर्स्लेमला आम्ही 0-1 हरलो. दोन लेग मिळून 2-2, आणि पेनल्टीवर 6-5 ने पोर्ट व्हेल पुढे गेलं. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही. एका बाईने डबा उघडून सगळ्यांना केक दिला, तेवढाच आवाज. शुक्रवारी सकाळी सहाला सगळे कामावर हजर होते.

आता कुणी म्हणेल, इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांची सवय आहे, आपली तुलना कशाला? पण गोव्यात फुटबॉल काल-परवा आलेला नाही. आपल्या क्लबांपैकी धेंपो पाच वेळा देशाचा विजेता झाला, चर्चिल दोनदा, साळगावकर 1999 आणि 2011 मध्ये. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताच्या गोलमध्ये उभे राहिले. सवय आपल्यालाही आहे. आपल्याला दुसरं काहीतरी अडवतं, आणि माझ्या मते ती भीती आहे, तीही एका ठराविक मिनिटाची.

2015 ची फायनल फातोर्ड्यात होती. 87 व्या मिनिटाला आपण चेन्नईविरुद्ध 2-1 ने पुढे गेलो आणि शेवटच्या काही क्षणांत दोन गोल खाऊन 2-3 हरलो. 2020 मध्ये लीगमध्ये पहिले आलो, सेमीफायनलचा पहिला लेग चेन्नईत 1-4 हरलो, आणि फातोर्ड्यात 21 व्या मिनिटाला 2-0 झालं तेव्हा पूर्ण गोव्याने श्वास रोखला होता. शेवटी 4-2 जिंकूनही एकूण 5-6 ने बाहेर. 2024 मध्ये मुंबईविरुद्ध पहिला लेग घरी होता, नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-0, आणि मॅच संपली तेव्हा 2-3. ज्या माणसाने हे सगळं स्टँडमध्ये उभं राहून पाहिलंय त्याने "शनिवारी ठरवू" म्हटलं तर त्याला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. मी तर तिसऱ्या वेळी इथे सोफ्यावर होते.

पण उलटं झालेलंही मी स्वतः पाहिलंय. 15 डिसेंबर 2015. दिल्लीत 0-1 हरून आलो होतो. मी ईस्ट स्टँडमध्ये होते, कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर. अर्ध्या तासात दोन गोल झाले, शेवटाकडे तिसरा. तिसऱ्या गोलला पायाखालचं काँक्रीट हलत होतं. दिल्लीच्या बचावपटूंना एकमेकांच्या हाका ऐकू येत नव्हत्या. ते हातवारे करत होते, तोंडं हलताना दिसत होती आणि आवाज शून्य. गर्दी गोल करत नाही हे मलाही कळतं. पण समोरच्याला बोलूसुद्धा न देणं हे गर्दीच करू शकते. कोविडच्या काळात युरोपात रिकाम्या स्टेडियमांमध्ये सामने झाले तेव्हा घरच्या संघाचा फायदा कमी झालेला दिसला. आपलंही तसंच. 2020-21 चा पूर्ण मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना झाला, आणि सेमीफायनलचे दोन्ही लेग फातोर्डा आणि बांबोळीला खेळूनसुद्धा मुंबईने आपल्याला पेनल्टीवर 6-5 ने काढलं. मैदान आपलं होतं, आवाज नव्हता.

त्या 2015 च्या रात्रीचं मात्र उरलेलं अर्धंही सांगायला हवं, नाहीतर मी इथून नुसता उपदेश केल्यासारखं होईल. मॅच सुटली तेव्हा मडगावहून डिचोलीकडे जायला बस नव्हती. आम्ही तिघी मुली तासभर रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. शेवटी फोंड्याच्या एका कुटुंबाने गाडीत दाटीवाटीने बसवलं आणि पुढे मैत्रिणीचे वडील स्कूटर घेऊन आले, दोन फेऱ्या मारल्या. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी फायनलला गेले नाही, आणि त्याचं कारण शक्यता-बिक्यता काही नव्हतं.

बर्स्लेमला जाताना मला परत कशी येणार हा प्रश्न पडला नव्हता. बस काउंटी ग्राऊंडवरून निघणार आणि तिथेच आणून सोडणार, हे आधी ठरलेलं होतं. निष्ठा-बिष्ठा मोठे शब्द आहेत. त्यातली अर्धी निष्ठा त्या बसने उचललेली असते. म्हणून गावच्या चर्चेत कोचवर दहा मेसेज पडतात तेव्हा मला वाटतं, एक तरी बसवर पडावा. साडेसातची मॅच साडेनऊला सुटते, एक्स्ट्रा टाइम-पेनल्टी झाली तर सव्वादहा. त्यानंतर डिचोली, वाळपई, पेडणे, सांगे, काणकोण या दिशांना एकेक गाडी लावली तर कोणाचं काय बिघडतं? प्लेऑफच्या रात्री वर्षाला एक-दोनच येतात.

तर 2025 चा तो रविवार. 6 एप्रिल, नेमकी रामनवमी. मी भावाला शुक्रवारी फोन केला आणि फार काही बोलले नाही, एवढंच विचारलं, "तू नाही गेलास तर तिथे कोण जाणार?" त्याने तिकिटं काढली, आणि माझ्या फोनपेक्षा बारा वर्षांच्या भाच्याच्या रडण्याचा त्यात जास्त हात होता. दुपारी बाराला देवळात रामजन्म, पाळणा, सुंठवडा, जेवणं, आणि चारला मित्राची व्हॅन घेऊन निघाले. मी इथे दुपारी तीनला फोन समोर ठेवून बसले. 49 व्या मिनिटाला बोर्हा हेरेराने पहिला घातला. मग चाळीस मिनिटं मी खुर्चीत नीट बसले नाही. 88 व्या मिनिटाला सादिकू. एकूण 2-2.

भावाने त्या क्षणाचा व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंदांचा आहे. पहिल्या दोन सेकंदांत मैदान दिसतं, मग फोन हातातून पडतो आणि उरलेले नऊ सेकंद कुणाच्यातरी चपला, सांडलेले शेंगदाणे आणि एवढा आवाज की इथे माझा फोन टेबलावर थरथरला.

चार मिनिटांनी, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत, बदली म्हणून आलेल्या चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने हेडर मारला. एकूण 3-2, बंगळुरू फायनलला. पुन्हा तेच मिनिट.

चुलतभावाने ग्रुपवर लिहिलं, "सांगितलं होतं ना." निकालापुरता तो बरोबर होता. पण त्याच्या मते जे बुधवारीच संपलं होतं ते रविवारी रात्री 88 व्या मिनिटाला बरोबरीत होतं, आणि ते त्याने टीव्हीवर पाहिलं. भाच्याने पायाखाली अनुभवलं. त्याने मला फोनवर काय सांगितलं असेल? हरल्याचं शेवटी, दोन वाक्यांत. त्याआधी पंधरा मिनिटं, शेजारच्या अनोळखी काकांनी त्याला खांद्यावर कसं घेतलं ते.

पुढच्या मोसमात लीगच महिनोन्‌महिने रखडली, दुसऱ्या लेगची गोष्टच सोडा. पण डिसेंबरमध्ये सुपर कपची फायनल फातोर्ड्यात आली, ईस्ट बंगालविरुद्ध. भावाने ग्रुपवर आठवडाभर आधी मेसेज टाकला: व्हॅनमध्ये सहा जागा, नावं सांगा. चौथं नाव चुलतभावाचं होतं. आपण पेनल्टीवर जिंकलो. रात्री मडगावला बस तेव्हाही नव्हती. व्हॅन डिचोलीला पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि वाटेत फोंड्याला उभ्या असलेल्या दोन मुलींना त्यांनी मागे बसवून घेतलं होतं.