सायबर फॉरेन्सिक, सहा महिने आणि पदवी: एका दाव्याचा प्रतिवाद

बारावीचे निकाल लागले की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. सायबर फॉरेन्सिकसाठी, म्हणजे संगणक-मोबाइलमधील पुरावा शोधून तपासण्याच्या कामासाठी, पदवी लागत नाही. हॅकिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आणि एक आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट पुरते. ते हाती आले की न्यायालय तुम्हाला तज्ज्ञ मानते. आणि हे शिक्षण खानदेशात होत नसल्याने पुण्या-मुंबईलाच जावे लागते, असा त्याचा आशय आहे. संगणकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला त्याला उत्तर देणे आवश्यक वाटते, कारण त्यावर विसंबून कांदेबागाच्या केळीचे किंवा कापसाचे पैसे एकरकमी फी म्हणून भरणारी कुटुंबे आपल्याच गावांत आहेत.

प्रथम पदवीविषयी. राज्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळांतील तांत्रिक पदे शैक्षणिक अर्हतेवर भरली जातात आणि तेथे खासगी सर्टिफिकेट पदवीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय नामांकित सर्टिफिकेटांपैकी काहींच्या अटीच नवख्याला दूर ठेवणाऱ्या आहेत. एनकेस या पुरावा तपासण्याच्या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या ‘एनसीई’ सर्टिफिकेटासाठी 64 तासांचे मान्य प्रशिक्षण किंवा बारा महिन्यांचा कामाचा अनुभव मागितला जातो, आणि लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकही द्यावे लागते. ‘जीसीएफए’ या दुसऱ्या फॉरेन्सिक सर्टिफिकेटाची परीक्षा पुस्तके जवळ ठेवून देता येते, तरीही ती सोपी नाही, तिचे दर चार वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि प्रशिक्षणासह तिचा खर्च काही हजार डॉलरांत जातो. असा खर्च नोकरी लागल्यानंतर आणि शक्यतो कंपनीकडून व्हावा, विद्यार्थ्याच्या वडिलांच्या खिशातून नव्हे.

हॅकिंगच्या कोर्सबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘सीईएच’ हे सर्टिफिकेट यंत्रणेतील कच्चे दुवे शोधण्यासाठी आहे. घडून गेलेल्या घटनेचा पुरावा न बिघडवता गोळा करणे आणि त्याचा अर्थ लावणे हे वेगळे काम आहे. ‘सीईएच’ देणारी संस्थाच फॉरेन्सिकसाठी ‘सीएचएफआय’ ही स्वतंत्र परीक्षा घेते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

सर्वांत घातक दावा न्यायालयाविषयीचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य (नोंदीवरून गणिताने काढलेला, नोंद जराही बदलली की बदलणारा आकडा) व ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. कायद्यात कोणत्याही खासगी सर्टिफिकेटाचे नाव नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 79अ खाली ‘इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक’ म्हणून केंद्र शासन अधिसूचित करते ते शासकीय विभाग, संस्था किंवा यंत्रणांना. इतर कोणाला तज्ज्ञ मानायचे हे त्याच्या विषयातील विशेष ज्ञानावरून न्यायालय ठरवते, आणि ते ज्ञान उलटतपासणीत कसाला लागते.

तेथे काय विचारले जाईल याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. आरोपीच्या संगणकावरील एका फाईलच्या निर्मितीची वेळ तिच्या शेवटच्या बदलाच्या वेळेनंतरची दिसते. बचाव पक्षाचा वकील विचारेल की फाईल तयार होण्याआधीच ती बदलली कशी, म्हणजे पुराव्यात फेरफार झाला काय. विंडोजमध्ये फाईल दुसरीकडे कॉपी केली की निर्मितीची वेळ नवी पडते आणि बदलाची जुनीच राहते, हे ज्याला ठाऊक आहे तो शांतपणे उत्तर देईल. तीच फाईल फॅट32 या फाईल सिस्टिमच्या (फाईल साठवण्याच्या पद्धतीच्या) पेनड्राइव्हवर असेल, तर तेथे वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदली जाते आणि विंडोजच्या एनटीएफएस या फाईल सिस्टिममध्ये जागतिक प्रमाणवेळेनुसार. ते ध्यानात न घेता अहवाल लिहिला तर साडेपाच तासांची तफावत उभी राहते, आणि तेवढ्याने आरोपी घटनेच्या वेळी घरी होता की दुकानात, हेच उलटे होऊ शकते. सॉफ्टवेअरचे बटण दाबून तक्ता मिळतो, पण त्याचा अर्थ फाईल सिस्टिम आणि ऑपरेटिंग सिस्टिम नीट शिकलेल्यालाच सांगता येतो. एका माणसाचे स्वातंत्र्य त्यावर अवलंबून असते, म्हणून या बाबतीत घाई मला मान्य नाही.

राहिला खानदेशाचा मुद्दा. पाया येथेच घालता येतो: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्राची पदवी घेता येते. सरावासाठी लागणारे ऑटोप्सी, एफटीके इमेजर आणि व्होलाटिलिटी ही साधने विनामूल्य आहेत, आणि अमेरिकेच्या निस्ट या शासकीय मानक संस्थेने सरावासाठी डिस्कच्या तयार प्रतिमा (डिस्कमधील सर्व माहितीच्या हुबेहूब नकला) सर्वांना खुल्या ठेवल्या आहेत. चोपड्यातील किंवा शहाद्यातील विद्यार्थ्याला साध्या संगणकावर सुट्टीत हे सर्व करता येईल. फक्त प्रत्येक तपासणीचा अहवाल इंग्रजीतून लिहून काढण्याची सवय लावावी, कारण आपली मराठी माध्यमातील हुशार मुले बहुधा तेथेच अडतात आणि ती अडचण सरावाने निश्चित दूर होते. पुढे विशेष शिक्षण हवे असेल तर छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था किंवा गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ यांचा विचार करावा.

तरीही एखाद्या खासगी कोर्सला पैसे भरायचेच असतील, तर आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: विद्यार्थी कोणत्या डिस्क प्रतिमा स्वतः तपासणार, तो किती अहवाल लिहिणार, आणि ते अहवाल प्रत्यक्ष प्रकरणांत काम केलेली कोणती व्यक्ती तपासून देणार. ही उत्तरे मिळाली नाहीत, तर ती रक्कम पदव्युत्तर शिक्षणाच्या फीसाठी राखून ठेवावी.