ढेकणाचा काही दोष नव्हता

2023च्या मे महिन्यात माझी पाठ म्हणजे ज्वारीचं कणीस झालं होतं. लाल दाणे मोजायला बायको बसली आणि त्रेचाळीसवर कंटाळली.

पहिला संशय ढेकणावर. गावात कोंबडी गेली की मुंगूस, अंग खाजलं की ढेकूण. रात्री दोनला टॉर्च घेऊन बाजेच्या सुतळीत काडी फिरवली. ढेकूण असले की गादीच्या शिवणीत काळे ठिपके सापडतात, चावेही बहुधा ओळीत असतात. माझ्या पुळ्यांना काही शिस्त नव्हती. तरी सकाळी बाज अंगणात काढून उकळतं पाणी ओतलं. ढेकूण एकही मेला नाही, सुतळी मात्र तीन जागी तुटली. मग मी माजघरात जमिनीवर आलो, आणि खाज दुप्पट झाली.

शेजारचे काका म्हणाले, "पिसवा असन." पण पिसवा घोट्यापाशी चावतात, आणि माझे घोटे निर्मळ! कुत्र्याला नाहक आंघोळ घडली. आईनं पित्त ठरवून आमसुलाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच खांबाला पाठ घासताना दिसली.

शेवटी काडेपेटीत संशयित भरून तालुक्याला गेलो: एक मुंगी, तुरीतले दोन भुंगे, झुरळाचं एक पिल्लू. डॉक्टरनं पेटी न उघडताच विचारलं, "घरात कापूस हाये का?"

"हाये. चाळीस क्विंटल."

"अन् झोपता कुठं?"

प्राप्तिकरवाल्यासमोर बसल्यासारखं वाटलं. आदल्या वर्षी भाव दहा हजारांवर गेला होता, म्हणून दिवाळीपासून माजघरात गंजी लावून वाट बघत होतो. पोरं तिच्यावर उड्या मारत, मी तिला टेकून पडत असे. भाव तेवढा उतरत होता.

कापसातल्या बोंडअळ्यांवर जगणारी बारीक कोळी-किड्यांची (इंग्रजीत माइट) एक जात असते, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, साध्या डोळ्यांना न दिसणारी. अळीऐवजी माणूस सापडला तर ती चावून बघते. अंगावर मुक्काम करत नाही, आणि पुळी उठते काही तासांनी, म्हणून चोर हाती लागत नाही. डॉक्टरनं मलम दिलं, गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे-अंथरूण धुऊन काढा, म्हणाला. मग हळूच, "खरं औषध म्हणजे कापूस इका."

घरी बायकोनं निकाल दिला, "आता घरात कापूस राहीन, नाई तर मी राहतो." मी क्षणभर हिशेब केला. तो क्षण तिनं पाहिला, ते वेगळं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. कोपरापर्यंत हात गंजीत घातला, मूठभर कापूस नाकाशी नेला, सरकी दाताखाली फोडली आणि नाक मुरडत सहा हजार आठशे म्हणाला. मी घासाघीस केली नाही. गंजी भरून होईपर्यंत तो तिच्यावरच बसून होता.

रात्री त्याचा फोन. "भाऊ, तुमच्या घरी ढेकूण हायेत काय?"

"आईची आन," मी म्हणालो, "एकही नाई. बाज उकळत्या पाण्यानं धुतली हाये."