किल्लारीच्या लेखावरच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही बरंच कडक लिहिलंत. जागेलाही आठवण असते, असं मी त्यात म्हटलं होतं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. ज्या घरांनी माणसं गाडली त्यांच्यासाठी गळा काढू नये. आठवण माणसाच्या डोक्यात असते, दगडमातीत नसते. आणि जो गावकुसाबाहेर राहिला, त्याला जुन्या गावाची हुरहुर का वाटावी?

पहिला आक्षेप घेतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते. जवळजवळ आठ हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. पण त्या भिंती पडल्या कशाने, तेही बघा. दोन-अडीच फुटांची भिंत, आतून-बाहेरून दगड, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही अंगं एकमेकांना धरून ठेवणारा जोडदगड नाही. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा थर दिलेलं सपाट छत. गळायला लागलं की त्यावर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही, म्हणजे डोक्यावरचा भार वाढतच गेलेला. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. भूकंपानंतरच्या सरकारी पुनर्वसन कार्यक्रमातच, जिथं नुकसान कमी होतं त्या गावांतली लाखाहून जास्त घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली. तेव्हा दगडाचं घर म्हणजे मरण, हे समीकरण मला मान्य नाही. मात्र जी ५२ गावं पूर्ण उठवली, तिथं लोकांना जुन्या जागेत पाऊल टाकायचीही भीती वाटत होती. त्यांनी तिथंच राहायला हवं होतं, असं मी लेखात कुठंही म्हटलेलं नाही.

आता डोक्यातली आठवण. आमच्याकडच्या जुन्या घराची ढेळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, गल्लीवर उघडायची. तिथं बसलेल्या म्हातारीला कोण शेताला गेलं, कुणाकडं पाहुणा आला, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, सगळं कळायचं. यात तिच्या हुशारीइतकाच गल्लीच्या अरुंदपणाचाही हात होता. नवी गावं चौकटीच्या वहीसारखी आखली: सरळ रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार चार रस्ते पलीकडे गेला. माणसं तीच, डोकी तीच, पण त्या म्हातारीचं गाव गेलं. लोकांनी मग आपल्या परीनं दुरुस्ती केली. घरापुढं भिंत घातली, फाटक बसवलं, आडोसा करून अंगण तयार केलं. सुरुवातीची काही वर्षं स्लॅबच्या भीतीनं पुष्कळ जण पुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत होते, पक्क्या घरात धान्य आणि अवजारं! इंजिनियरला हा अडाणीपणा वाटला असेल. मला ते माणसांनी गाव पुन्हा जुळवणं वाटतं.

आणि आठवण नुसती डोक्यातच असती, तर दर ३० सप्टेंबरला लोक जुन्या किल्लारीतल्या स्मृतिस्तंभाकडे कशाला गेले असते? तिथं पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. हाच कार्यक्रम नव्या गावातल्या शाळेच्या मैदानावर करायला काय हरकत होती?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि मला त्याला बगल द्यायची नाही. जुनं गावठाण जात विसरू देत नव्हतं. कुणाचं घर कुठं, विहीर कोणती, पाणवठा कुणाचा, हे त्या जागेनंच ठरवून ठेवलेलं होतं. तिथून सुटणं ही काहींच्या दृष्टीनं सुटकाच होती. पण नवं गाव कोऱ्या पाटीवर वसलं, असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. घरांचे आकार बघा ना. भूमिहीन आणि अगदी थोड्या जमिनीवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. मराठवाड्यात भूमिहीन कोण होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी गावकुसानं जे सांगितलं, ते आता चौरस फुटांनी सांगितलं. तरीही आपल्या नावावरचं पक्कं घर, आणि तेही सगळ्यांच्याच रस्त्यावर, याची किंमत फार मोठी आहे. ते मिळालेला माणूस जुन्या गावाकडे वळूनही बघत नसेल, तर त्याला मी उमाळे शिकवणार नाही. जागेला आठवण असते म्हणजे गोडच आठवण असते, असं थोडंच आहे?

ओळखीबद्दल एकच गोष्ट जोडतो. सरकारी भरतीच्या जाहिरातीत अजून 'भूकंपग्रस्त' असा राखीव जागांचा रकाना असतो. त्यात अर्ज करणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा जन्म भूकंपानंतरचा. जुनं गाव त्यांनी उभं असलेलं कधी पाहिलंच नाही, तरी दाखला त्याच गावाच्या जोरावर मिळतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग करायला काय हवं होतं? मोठं काही नाही. घर कुणाच्या शेजारी हवं, हे लोकांना विचारायचं, आणि कुटुंबात माणसं किती ते बघून घराचा आकार ठरवायचा, सातबारा बघून नव्हे.