तेरा दातांची बाजू

माझ्या होंडा सीआरएफ ३०० एल मोटारसायकलला लांबच्या प्रवासासाठी कोणते बदल करावेत, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खोचक आहे, पण स्वतः पाना हातात घेणाऱ्या माणसाची आहे हे कळतं, त्यामुळे दोन ओळींत वाटेला लावत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आराम आणि लांबचा पल्ला हवा म्हणायचं आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं, इंजिनाकडचं दातेरी चाक) १४ ऐवजी १३ दातांचं लावायला सांगायचं, ही उलटी गंगा झाली. इंजिन जास्त फिरणार, पेट्रोल जास्त पिणार, हातांना मुंग्या येणार. लावायचंच तर १५ लावा. दुसरं, १२ लिटरची टाकी चढवून हलक्या गाडीचा हलकेपणा मातीत घातला, त्यापेक्षा मागे पाच लिटरचा कॅन बांधा. तिसरं, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, सीट, टाकी असं सगळंच बदलायचं असेल तर सरळ ६५० सीसीची मोठी गाडी घ्यावी. आणि शेवटी एक प्रश्न: स्प्रॉकेट बदलल्यावर स्पीडोमीटर खरं दाखवतो का? उत्तर लांबणार आहे, चहा करून बसा.

आधी तुमच्या बाजूने जे आहे ते. १४ चे १३ केले की प्रत्येक गिअरमध्ये, त्याच वेगाला, इंजिन ७.७ टक्के जास्त फिरतं. समजा ८० च्या वेगाला आधी ६,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) होते, तर ते साधारण ६,४६० होतात. सिंगल सिलिंडर इंजिनाची थरथर याच चालीने वाढते. सेकंदाला १०० धक्के होते, ते १०८ च्या आसपास जातात. हँडल किंवा फूटरेस्ट नेमका त्याच थरथरीला साथ देणारा निघाला तर बोटं बधिर होणारच. ज्याची गाडी बहुतेक वेळ गुळगुळीत डांबरावर असते त्याने १३ च्या वाटेला जाऊ नये. कंपनीचं १४ ठेवावं आणि निवांत राहावं. इथपर्यंत आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते १५ बद्दल. कागदावर ८० ला ५,६०० आरपीएम दिसतात, छान वाटतं. पण माझी गाडी सीआरएफ ३०० एल आहे. तिचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २६.६ न्यूटन-मीटर, तोही ६,५०० आरपीएमला. आता समोरून ताशी २० किलोमीटरचं वारं येऊ द्या. गाडी ८० ने चालली आहे, पण हवेला ती १०० ने भिडते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तो एकदम दीडपटीच्या वर गेला. वर थोडा चढ, मागे सामान. सहाव्यात १५ दातांवर गाडी दम टाकते, तुम्ही पाचवा टाकता, आणि इंजिन पुन्हा तुम्हाला नको होता तेवढाच आवाज करायला लागतं. सहावा गिअर मग उतारावर आणि पाठीमागून वारं असताना वापरायचा, म्हणजे जवळजवळ शोभेचा. ताकद मोजकी असलेल्या गाडीला उंच गिअर लावून ताकद मिळत नाही, फक्त गिअर बदलण्याचं काम वाढतं.

यात अजून एक गोष्ट लक्षात घ्या. होंडाने २०२१ मध्ये २५० एलची ३०० एल केली तेव्हा पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली धाव) ५५ वरून ६३ मिलिमीटर केला आणि २४९.६ सीसीचे २८६ सीसी झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी गिअरबॉक्समध्ये पहिले पाच गिअर आखूड केले (त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल असे) आणि सहावा लांब केला, हे फारसं कुणी बोलत नाही. लांब रस्त्यासाठीचा गिअर कारखान्यानेच देऊन ठेवला आहे. स्प्रॉकेटला हे जमत नाही. ते सहाच्या सहा गिअर एकाच टक्क्याने हलवतं, तुम्हाला फक्त वरचं टोक ओढता येत नाही. म्हणून स्प्रॉकेट निवडताना मी सहावा बघत नाही, पहिला बघतो. सुट्या दगडांचा चढ, सामान लादलेलं, पुढे वळण. तिथे १४ वर पहिला गिअर जरा जोरात पळतो आणि क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. १३ वर त्याच आरपीएमला वेग ७ टक्के कमी पडतो आणि क्लच पूर्ण सोडून जाता येतं. क्लचप्लेटा जळतात त्या अर्ध्या दाबलेल्या क्लचवर. १५ लावलं असतं तर हेच दुखणं अजून वाढलं असतं.

पेट्रोलचं म्हणाल तर, ठरावीक वेगाला हवा ढकलायला जितकी ताकद लागते तितकीच लागते, पुढे १३ दात असोत की १५. जास्त फिरण्याने वाढतं ते इंजिनाच्या आतलं घर्षण आणि हवा आत ओढण्याचा खर्च. तो आहे, नाकारत नाही. पण ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा रोधच दीडपटीहून जास्त होतो. ॲव्हरेजचा खरा निकाल मनगटात लागतो. उलट १३ दातांवर इंजिनाची कुरकुर इतकी ऐकू येते की माणूस आपोआप सावकाश जातो. (ही पेट्रोल वाचवण्याची युक्ती म्हणून सांगत नाही, पण होतं असं.)

खरं तर १३ च्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा तुमच्याकडून राहून गेला, तो मीच मांडतो. चेन गोलावर फिरत नाही, बहुकोनावर फिरते. दात जितके कमी तितकी ती प्रत्येक दाताला जास्त वाकते आणि तिचा वेग कमीजास्त होत राहतो. भूमितीने हिशेब केला तर हा फरक १५ दातांवर सुमारे २.२ टक्के, १४ वर २.५, १३ वर २.९ आणि १२ वर ३.४ टक्के येतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीला जास्त घासते. १३ पर्यंत मला हे चालतं. १२ मी लावणार नाही, कितीही मोफत मिळालं तरी.

यावर उपाय मागच्या बाजूने करता येतो. पुढे १३ आणि मागे ४० दात, म्हणजे १३/४०, याचं प्रमाण ३.०७७ आणि १४/४३ चं ३.०७१. पुढचा एक दात कमी करणं आणि मागचे तीन वाढवणं जवळजवळ एकच. मागचे वाढवले तर पुढे १४ दात राहतात आणि चेन कमी वाकते. पण ५२० मापाच्या चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिलिमीटर असल्यामुळे मागे तीन दात वाढले की तीच चेन ठेवताना चाकाची धुरी जवळजवळ १२ मिलिमीटर पुढे घ्यावी लागते. तेवढी जागा नसली की चेनच लांब आणावी लागते. पुढचा एक दात कमी केला तर धुरी फक्त ४ मिलिमीटर मागे जाते. म्हणून पुढचं बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि परत फिरवणंही तितकंच सोपं. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलायची वेळ आली असेल तर मात्र १४/४३ च करा. आणि हो, १४ आणि ४० ला दोनाने भाग जातो, १३ आणि ४० ला सामायिक काहीच नाही, त्यामुळे झीज थोडी जास्त सारखी पसरते. याने जगात काही बदलत नाही, पण मला आवडतं.

आता टाकी. मूळ टाकी ७.८ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरले आणि शेवटचा दीड लिटर हिशेबाबाहेर ठेवला, तर हाती येतात १८९ किलोमीटर. १२ लिटरवर हेच ३१५ होतात. वाढलेल्या ४.२ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ३.१ किलो, आणि मोठ्या टाकीचं कवच थोडं जास्त. १४२ किलोच्या गाडीवर हे दोन-अडीच टक्के झाले, आणि त्यातलं बरंचसं चालता चालता जळून जातं. तुमच्या कॅनमध्येही पेट्रोल तेवढ्याच वजनाचं असतं, फक्त ते धुरीच्या मागे, उंच, लगेज रॅकवर बसतं. तिथे ते मागच्या सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) हिसके देतं आणि पुढचं चाक हलकं करतं. टाकीतलं पेट्रोल दोन गुडघ्यांच्या मध्ये असतं. वजन किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न मोठा आहे. कॅन वापरणारच असाल तर पेट्रोलसाठीच बनवलेला घ्या आणि गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

मोठ्या टाकीच्या खऱ्या तक्रारी वेगळ्या आहेत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो. मोठ्या टाकीचे दोन्ही बाजूंचे कान त्याच्या खाली लोंबत असतील तर तिथलं पेट्रोल पंपापर्यंत पोचतच नाही. विकणारा १२ सांगतो, वापरायला १२ मिळतीलच असं नाही. म्हणून टाकी घेताना तिथलं पेट्रोल पंपापर्यंत नेण्याची सोय आहे का ते नीट बघा. जुन्या टाकीचा पंप काढून नव्या टाकीत बसवताना सील नवा घ्या आणि बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत जा. पेट्रोलचा काटा पूर्वीच्या टाकीच्या आकारासाठी बनलेला असतो, तो आता थापा मारणार. आणि पार कोरडी होईपर्यंत चालवू नका, त्या पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. रुंद टाकीमुळे उभं राहून चालवताना गुडघे फाकतात, हीही खरी गैरसोय आहे. वजनाऐवजी तुम्ही ही धरली असती तर मला उत्तर सुचलं नसतं.

स्प्रिंगांबद्दल तुम्ही लिहिलंय, "प्रीलोड आवळला की काम झालं, नव्या स्प्रिंगा कशाला?" प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच देऊन ठेवलेला दाब. हा समज इतका पसरलेला आहे की इथे थोडं थांबतो. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. आवळल्याने फक्त गाडी वर उचलली जाते. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला २६० मिलिमीटर वर-खाली जागा आहे. सगळा सरंजाम अंगावर घालून बसल्यावर त्यातली पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ६५ ते ८५ मिलिमीटरच्या आसपास खचावी. समजा प्रीलोड आवळून आवळून तुम्ही ते साधलं. आता खाली उतरा आणि नुसत्या गाडीचा खच मोजा. तो जवळजवळ शून्य आला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं: रिकामी गाडी ताठ उभी, म्हणजे स्प्रिंग कडक असणार. पण मऊ स्प्रिंगला तुमचं वजन पेलायला आधीच इतकं दाबून ठेवावं लागलं की रिकाम्या गाडीने ती दबतच नाही. अशी गाडी लहान खड्ड्यात वर ताणून आदळते आणि मोठ्या खड्ड्यात खाली टेकते. सीटवर कितीही फोम चढवा, कंबर दुखणारच. म्हणून माझ्या यादीत सीटच्या आधी स्प्रिंग येते आणि या बाबतीत मी हट्टी आहे.

सीटचं काम त्यानंतर, आणि ते सोपं आहे. मागे रुंद, पुढे निमुळती. बसण्याची जागा सपाट, म्हणजे ब्रेक मारल्यावर घसरून टाकीवर आदळत नाही. फोम मऊ नको, घट्ट हवा. मऊ फोम पहिला अर्धा तास सुखाचा असतो, मग बुडाची हाडं थेट खालच्या प्लॅस्टिकला भेटतात. हँडल उंच करणार असाल तर क्लच आणि ब्रेकच्या तारा-नळ्या दोन्हीकडे पूर्ण वळवून पुरतात का ते आधी बघा.

राहता राहिलं ६५०. घ्या की, कोण अडवतंय? कावासाकीची केएलआर ६५० पाहिली तर २३ लिटरची टाकी तिला कारखान्यातूनच येते आणि दिवसभर डांबरावर ती माझ्या गाडीपेक्षा सुखाची आहे, यात वाद नाही. पण २०२२ ची, एबीएस नसलेली केएलआरही २०७ किलोची. माझ्या गाडीवर टाकी, स्प्रिंगा, सीट सगळं चढवून पाच-सहा किलो वाढतात, तुम्ही सुचवलेल्या उपायाने पासष्ट वाढतात. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलताना हा फरक पाठीला कळतो. ज्याला तशा ठिकाणी जायचंच नाही त्याने बदलांच्या भानगडीत पडू नये, ६५० घ्यावी आणि मजा करावी. सगळ्याच लहान गाड्यांना हे सगळं लागतं असंही नाही. हिरो एक्सपल्स २०० ला १३ लिटरची टाकी आधीच आहे, तिथे पल्ल्याचा प्रश्नच येत नाही.

स्पीडोमीटरचं तुम्ही विचारलंय ते महत्त्वाचं आहे, कारण त्याचा थेट संबंध पल्ल्याशी येतो. वेगाचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर स्प्रॉकेट बदलून काहीच फरक पडत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूने असेल तर १३ लावल्यावर वेग आणि किलोमीटर दोन्ही ७.७ टक्के जास्त दिसतात. म्हणजे लिटरला ३० देणारी गाडी मीटरवर ३२.३ देते, आणि "१३ लावल्यावर ॲव्हरेज वाढलं" असं सांगणारे लोक भेटतात ते यामुळे. साडेदहा लिटरवर तुम्ही ३३९ किलोमीटर धरून निघता आणि ते ३१५ लाच संपतात. १५ लावलं तर उलट: मीटर ६.७ टक्के कमी दाखवतो, ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं आणि वेगही आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो, हे जास्त धोक्याचं. उपाय साधा आहे. जीपीएस लावून एका लांब सरळ रस्त्यावर दोन्हीकडचे किलोमीटर ताडून बघा, जो गुणक येईल (जीपीएसचे किलोमीटर भागिले मीटरचे) तो टाकीच्या झाकणाखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि पुढचा प्रत्येक हिशेब त्यानेच करा. प्लॅस्टिकच्या टाकीवर बाहेरून स्टिकर मात्र लावू नका, पेट्रोलची वाफ प्लॅस्टिकमधून झिरपते आणि काही दिवसांत त्याखाली फुगे येतात.