मोरचुदाने पाजलेलं पाणी

मोरचुदाच्या, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटच्या, एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात, हे पुस्तकात असतं, बाटलीवर असतं, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पाठही असतं. तरी ते पाचच आहेत का, हे तापवून बघा, असं फर्मान निघालं. एवढा अविश्वास बिचाऱ्याने कशाने ओढवून घेतला कोण जाणे.

कृती दिसायला सरळ. रिकामी मूस तोला, मोरचूद घालून तोला, पाणी जाईपर्यंत तापवा, पुन्हा तोला. वजनातली घट म्हणजे पाणी. तिला पाण्याच्या रेणुभाराने, म्हणजे 18 ने, भागा. उरलेल्या कोरड्या भुकटीला तिच्या रेणुभाराने, 159.6 ने. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की झालं. मूस भरली 21.34 ग्रॅम, मोरचुदासकट 23.84. बरोब्बर अडीच ग्रॅम! इथवर माझ्यासारखा शास्त्रज्ञ दुसरा नव्हता.

बर्नर पेटवला. निळे खडे कडेने फिकटले, मग पांढरे पडले. एक इवलासा कण तडकन उडून टेबलाखाली गेला. मी तिकडे पाहिलंच नाही. (उडालेला कणही हिशेबात पाणी म्हणूनच धरला जातो, हे मागाहून कळलं.) मग घाईघाईत गरम मूसच काट्यावर ठेवली. आकडे ठरेचनात. गरम हवा वर जाताना पारडं हलवते म्हणे. शेवटी गार होऊ दिली: 23.02. गेलं 0.82, उरलं 1.68. उत्तर आलं 4.33.

चार रेणू ठीक. पण वरचा हा तुकडा बांधायचा कुठे?

सर म्हणाले, "तळ बघितलास?" वरचा पांढरा थर बाजूला केला, तर खाली निळाई गुपचूप बसलेली. 'लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत तापवा' ही ओळ मी वाचली होती, पण ती हौशी लोकांसाठी असावी असं वाटलं होतं.

आता कसर नको म्हणून ज्योत पूर्ण सोडली. भुकटी कडेने करडी झाली, मग चक्क काळी. वजन 22.86, उत्तर 5.72. अति तापवलं की पाणी संपल्यावर सल्फेटच फुटतं. गंधकाचा वायू निघून जातो, काळं कॉपर ऑक्साइड मागे राहतं. आणि जाणाऱ्याचं वजन मी इमानेइतबारे पाण्याच्या नावावर मांडलं होतं.

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. 4.33 आणि 5.72 यांची सरासरी? 5.02! दोन चुकांनी आपापसात मिटवून घेतलं होतं. मी लगेच जर्नलात शाईने उतरवून टाकलं.

सरांनी आकडा पाहिला, मूस पाहिली. मग ड्रॉपरने तिच्यात पाण्याचे दोन थेंब सोडले. मधला पांढरा ठिपका चुर्र करून निळा झाला. काळी कड काळीच राहिली.

"सरासरी छान आलीये," सर म्हणाले आणि धुतलेली मूस माझ्यापुढे सरकवली.